पंचावन्न किलोंचा लठ्ठपणा

लठ्ठपणा हा मुंबईचा आजार आहे, अशी आमच्या कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातील बहुतेकांची अजूनही पक्की समजूत आहे. लिफ्टने वर जाणारी, दिवसभर खुर्चीत बसणारी आणि रात्री उशिरा हॉटेलातून जेवण मागवणारी माणसे जाड होतात. मासे-भात खाणारा, घाटी चढणारा, पावसात चिखलात उभा राहणारा कोकणी माणूस काटकच राहतो, असे आपण एकमेकांना इतकी वर्षे सांगत आलो आहोत की तो काटक माणूस गावात अजून उरला आहे का, हे पाहायचेच राहून गेले. मी डॉक्टर नाही. घरात मधुमेहाचे रुग्ण असल्यामुळे या विषयावरचे वाचन वाढले आणि वाचता वाचता आजूबाजूला पाहण्याची सवय लागली, एवढेच.

आकडे आधी सांगतो, कारण ‘पूर्वीही जाडी माणसे होतीच की’ हे उत्तर नेहमी तयार असते. जगात आज शंभर कोटींहून अधिक लोक लठ्ठ आहेत. २०२२ च्या हिशेबाने दर आठ माणसांमागे एक. भारतात ५ ते १९ या वयोगटातील लठ्ठ मुलामुलींची संख्या १९९० मध्ये चार लाखांच्या आसपास होती, ती २०२२ पर्यंत सव्वा कोटीवर गेली. आपल्याला जवळचा आकडा मात्र राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील आहे. ग्रामीण भारतातील अतिवजनी किंवा लठ्ठ स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ च्या सर्वेक्षणात १५ टक्के होते आणि २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात ते १९.७ टक्के झाले. म्हणजे खेड्यातील जवळजवळ दर पाचवी स्त्री. शहरातील प्रमाण अर्थातच अधिक आहे, परंतु गावाची वाटचाल त्याच रस्त्याने चालू आहे, याविषयी शंका घ्यायला जागा उरलेली नाही.

याहून बोलके आहे ते पोटाच्या घेराचे मोजमाप. त्याच पाचव्या सर्वेक्षणात कंबर मोजली गेली, तेव्हा देशातील सुमारे ४० टक्के स्त्रिया आणि १२ टक्के पुरुष पोटाच्या लठ्ठपणात मोडले. वजनाच्या हिशेबाने जी बाई ‘ठीक’ ठरते, ती घेराच्या हिशेबाने ठीक ठरत नाही, असे लाखो घरांत घडते आहे. माझ्या मते आपल्या किनारपट्टीवरचा खरा प्रश्न हाच आहे. आपण जाड माणूस शोधत राहतो आणि बारीक हातापायांचे, पोट सुटलेले माणूस आपल्या नजरेतून निसटते.

हे कसे घडते, याचा शोध घेण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे, ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. गावातील बाळे आठशे ग्रॅमने हलकी होती, त्यांचे स्नायू आणि पोटातील अवयवही त्या मानाने लहान होते, परंतु त्यांच्या अंगावरची चरबी मात्र तेवढ्या प्रमाणात कमी नव्हती. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीकडे झुकलेले, असे हे भारतीय बाळ. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एखाद्या शास्त्रज्ञाने भर प्रसिद्ध नियतकालिकात आपल्याच पोटाचा दाखला द्यावा, याचे मला फार कौतुक वाटते.

यामागचे कारण सोप्या शब्दांत सांगायचे तर असे. खाल्लेले जास्तीचे अन्न शरीर चरबीच्या रूपाने साठवते आणि ती साठवण्याची निर्धोक जागा म्हणजे त्वचेखालचा थर. घरातली कोठी लहान असली की उरलेले धान्य माजघरात, पडवीत, मिळेल त्या कोपऱ्यात रचावे लागते. तसे आपल्यासारख्यांच्या शरीरात हा थर लवकर भरतो आणि पुढची चरबी यकृतात, स्वादुपिंडात, आतड्यांभोवती जाऊन बसते. तिथे बसलेली चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, रक्तातील साखर आणि मेद वाढतात, रक्तदाब चढतो. सोनोग्राफीच्या रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर’ हे दोन शब्द हल्ली इतक्यांच्या नशिबी येतात की लोक ते सर्दी-पडशासारखे सांगतात. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ झाला की अतिवजन आणि २५ झाला की लठ्ठपणा असे मानतात, आणि कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंटीमीटर व स्त्रियांना ८० सेंटीमीटर इतकी ठेवली आहे. युरोपीय माणसासाठी ठरवलेली ३० ही बीएमआयची रेषा आपल्या कामाची नाही.

आमच्या वाडीत तिशी ओलांडलेल्यांची तपासणी करण्यासाठी आशाताई आल्या होत्या, तेव्हा मी शेजारच्या पडवीत बसलो होतो. त्यांच्याजवळ सीबॅक नावाचा फॉर्म असतो. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरातील मधुमेह आणि कमरेचा घेर यांना गुण देतात आणि बेरीज चारच्या वर गेली की माणसाला आधी तपासणीला पाठवतात. शेजारच्या काकींनी आधीच सांगून टाकले, “अगो, माका खंयची जाडी? माझा वजन पंचावन किलो.” त्यावर आशाताई म्हणाल्या, “काकी, वजन बघूक नाय इलंय, प्वाट मोजूक इलंय.” टेप लावायची जागा शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्ये असते, आणि नेमकी तिथेच लुगड्याची गाठ. ती सैल करायला काकी तयार नव्हत्या. मग आत खोलीत जाऊन, दार लोटून मोजणी झाली. तिथेही टेप लागताच काकींनी पोट आत ओढून धरले. श्वास सोडल्याशिवाय आकडा लिहायचा नसतो, म्हणून आशाताई टेप धरून शांत उभ्या राहिल्या आणि शेवटी काकींनाच हसू फुटले. घेर ९१ सेंटीमीटर भरला. उंची पाच फुटांच्या जरा खाली, म्हणजे बीएमआय साधारण २४. जागतिक मापाने सर्वसाधारण, आपल्या मापाने अतिवजन. काही दिवसांनी उपकेंद्रात रक्त तपासले तेव्हा साखर वाढलेली निघाली. काकी दिवसाकाठी मिठाई खात नाहीत, शीतपेयाला हात लावत नाहीत आणि त्यांना कोणीही लठ्ठ म्हणणार नाही.

मग हे आले कुठून? पहिले कारण खाण्यातले नसून कामातले आहे. आजच्या साठीतील बाईने तरुणपणी विहिरीवरून कळशा आणल्या, जात्यावर दळले, पाट्यावर वाटले, मिरगाआधी कवळे म्हणजे पाल्याच्या डहाळ्या तोडून आणि शेतात जाळून भाजावळ केली आणि आषाढात पाठ मोडेपर्यंत लावणी केली. आता दारात नळ आहे, मिक्सर आहे, गॅस आहे, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. तो त्रास पुन्हा कुणाच्या वाट्याला येऊ नये. शेती मात्र रानडुकरे, वानर आणि मजुरांची टंचाई यांच्यामुळे अनेक ठिकाणी पडीक पडली. बागेतले गवत ग्रासकटरवाला येऊन काढतो. बाजाराला जायचे तर दुचाकी किंवा सहा आसनी रिक्षा आहे. अंगमेहनत दिवसातून अशी हळूहळू निघून गेली की ती गेली हे कुणाच्या ध्यानातही आले नाही.

भाताचे ताट मात्र तेवढेच राहिले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या गरजेनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला जड श्रमाचे काम असेल तर दिवसाला २,७२० किलोकॅलरी लागतात आणि बैठे काम असेल तर १,६६०. फरक १,०६० किलोकॅलरींचा. तांदळाच्या भाषेत हा फरक सुमारे ३०० ग्रॅम कच्चा तांदूळ होतो. लावणीच्या दिवसांत जे अन्न पुरे पडत नव्हते तेच अन्न दूरदर्शनसमोर बसून खाल्ले तर हा तीनशे ग्रॅम तांदूळ कुठे जाईल, हे सांगायला आहारतज्ज्ञाची गरज नाही. २०२३ च्या जानेवारीपासून रेशनवरचे धान्य मोफत झाले आहे. भुकेल्या घरासाठी त्याचे मोल मी जाणतो आणि त्याविरुद्ध एक शब्दही बोलणार नाही. परंतु स्वस्त आणि मुबलक मिळते ते धान्यच, आणि डाळ, भाजी, फळ व मासळी यांच्यासाठी खिशात हात घालावा लागतो, तेव्हा ताट कशाने भरते ते उघड आहे. सुरमई आणि पापलेट आता घरच्या जेवणासाठी उरलेलेच नाहीत. ती हॉटेलात आणि पाहुण्यांच्या पानात जातात. ज्या घरात बांगडा-तारली तरी नियमाने येते, ते घर नशीबवान समजावे.

भाताच्या जोडीला तेल आणि साखर आली. पूर्वी तेलाची बाटली किराणा दुकानातून भरून आणत. आता पाच लिटरचा कॅन येतो. चार माणसांच्या घरात तो महिन्यात संपला तर माणशी रोज ३८ ग्रॅम तेल पोटात गेले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक ताटात ते २७ ग्रॅम आहे, आणि त्यात तूप-लोणीही धरलेले आहे. घरचा हिशेब इथे संपतो. तिठ्यावरचा वडा, बेकरीची खारी, चायनीजच्या गाडीवरचा मंचुरियन हे वेगळे. चहाचे तर विचारूच नका. आमच्याकडे कुणाच्याही दारात पाय ठेवला की कोरा चहा पुढे येतो, आणि नाही म्हणणे म्हणजे अपमान. दोन चमचे साखरेचे सहा कप झाले तर ६० ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५० ग्रॅमच्या आत आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. नारळाला मात्र सगळेच जण आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. खोबरेल तेलात संपृक्त मेद फार असतो हे खरे, पण ज्या घरात आठवड्यातून तीनदा पाम तेलात भजी तळली जातात त्या घराने सोलकढीतल्या नारळाच्या रसाकडे बोट दाखवावे, हे मला पटत नाही.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘आपल्या आजी-पणजीचा आहारच उत्तम होता, तिकडे परत जा’ असे सांगणारे व्हिडिओ रोज मोबाइलवर येतात. पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, रानभाज्या हे सगळे चांगलेच आहे आणि मलाही आवडते. तथापि त्या आहारात गरिबीही शिजत होती. बहुतेक घरांत भात वर्षभर पुरत नसे, मुंबईहून मनीऑर्डर आल्यावर दुकानदाराची उधारी फिटे, आणि गरोदर बाई सर्वांत शेवटी जेवत असे. कमी वजनाची बाळे त्याच आहारातून जन्मली. पुण्याच्या अभ्यासाने जे दाखवले ते इथे लागू करायचे तर आजच्या पोटाच्या घेराचे मूळ त्या उपासमारीतही आहे: गर्भात ज्याला कमी मिळाले, त्याचे शरीर पुढे आलेली सुबत्ता पेलत नाही. म्हणून गेल्या पिढीच्या काटकपणाचे गोडवे गाताना मला जरा अवघडायला होते.

गोव्याचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे. सिंधुदुर्गातील गंभीर रुग्णाला आजही गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात, इतका तो शेजार जिवाभावाचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यातच आढळले, २६.४ टक्के. त्याच अभ्यासाने देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे आणि ३९.५ टक्के प्रौढांना पोटाचा लठ्ठपणा असल्याचे सांगितले. पत्रादेवीच्या सीमानाक्याअलीकडचा माणूस पलीकडच्यापेक्षा काही निराळे जेवतो किंवा निराळे जगतो असे मला तरी दिसत नाही. उत्पन्न आणि सोयी तिकडे जरा आधी पोचल्या, इतकाच फरक.

यावर उपाय म्हणून सर्वांत सहज दिला जाणारा सल्ला म्हणजे ‘चाला’. आठवड्याला दीडशे मिनिटे चालावे, हे अगदी योग्य. २०२२ च्या अंदाजानुसार देशातील जवळजवळ निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नाहीत, आणि स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के आहे. पण आमच्या गावातील बाईने चालायचे कुठे? जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. रस्त्याला कडेची पट्टी नाही, वळणावळणावर चिऱ्यांचे आणि वाळूचे डंपर, संध्याकाळनंतर कुत्री आणि अधूनमधून बिबट्याची बातमी. आणि या सगळ्यांवर मात केली तरी वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस विचारणार, “खंय चललंस गो?” हातात पिशवी नसेल, देवळात जायचे नसेल, तर बाईने रस्त्यावर असण्याचे कारण गावाला कळत नाही. नुसते चालायला निघाले असे सांगितले की लोक हसतात. पुरुषांना ही अडचण कमी, कारण त्यांनी तिठ्यावर उभे राहण्याला कारण लागत नाही. ते मात्र तिथे उभेच राहतात.

मुलांविषयी थोडक्यात. पटसंख्येअभावी वाडीतील शाळा बंद पडल्या की मूल गाडीने दूरच्या शाळेत जाते, आणि सड्यावरून पायी जाण्याची वाट गवतात बुजते. शाळेच्या आवाराच्या ५० मीटर परिसरात जास्त मेद, साखर आणि मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आमच्या भागात तो कागदावर आहे. पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा शाळेसमोरच्या टपरीवर लटकतात आणि मधल्या सुट्टीत त्या कमी कमी होत जातात. टपरीवाल्याला दोष देऊन चालणार नाही. त्याच्याकडे चिकूची फोड किंवा उकडलेली शेंग मागायला कोणी येत नाही. सीबीएसईने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले, ही चांगली सुरुवात आहे, परंतु आमची बहुतेक मुले राज्य मंडळाच्या शाळांत शिकतात.

सरकारी दवाखान्यात काकींना जे सांगितले गेले ते एका वाक्याचे होते: “भात सोडा, वजन कमी करा.” डॉक्टरांसमोर रांग मोठी असते, आणि तालुक्याला आहारतज्ज्ञ सहजी मिळत नाही, हे मी समजू शकतो. तरी कोकणातील माणसाला भात सोडा म्हणणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. काकींनी चार दिवस चपात्या केल्या, पाचव्या दिवशी कालवण झाले आणि चपात्या मागे पडल्या. त्यांच्या सुनेने मात्र शहाणपणा केला. तिने भात बंद केला नाही. वाटीने मोजून वाढायला लागली, आधी उसळ आणि भाजी पानात घालू लागली, आणि रात्रीच्या भाताच्या जागी कधी नाचणीची भाकरी, कधी पेज आली. पेजेत पाणी अधिक आणि तांदूळ कमी, आणि खाल्ल्याचे समाधान तेवढेच. चहाची साखर दोन चमच्यांवरून अर्ध्यावर आणायला सर्वांत जास्त भांडण झाले. काकींचे वजन फारसे हलले नाही, पण घेर उतरू लागला आहे आणि साखरही. असा सल्ला देणारी सून प्रत्येक घरात नसते, आणि आरोग्यव्यवस्थेने सुनांच्या भरवशावर राहू नये.

शहरात आता इंजेक्शनांची चर्चा आहे. टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइड ही आठवड्याला एकदा टोचायची औषधे वजन कमी करण्यासाठी २०२५ मध्ये आपल्याकडे आली, आणि गणपतीत गावी आलेल्या चाकरमान्यांपैकी एक-दोघे ती घेत असल्याचे कानावर आले. औषधे परिणामकारक आहेत यात वाद नाही आणि तीव्र लठ्ठपणा असलेल्यांना ती वैद्यकीय देखरेखीखाली मिळायलाच हवीत. मात्र सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातील सुमारे दोनतृतीयांश वजन परत आल्याचे एका मोठ्या चाचणीत दिसले. वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे मुळात स्नायूच तुटपुंजे आहेत. रेशनच्या तांदळावर चालणाऱ्या घरासाठी हा मार्ग इतक्यात खुला होईल असे वाटत नाही.

म्हणून मला गावपातळीवरची एक दुर्लक्षित जागा अधिक उपयोगाची वाटते. प्रत्येक महसुली गावात ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते आणि तिला वर्षाला दहा हजार रुपयांचा अबंधित निधी, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येणारा पैसा, मिळतो. आमच्याकडे तो बहुतेकदा गप्पी मासे, ब्लिचिंग पावडर आणि फवारणीत खर्च होतो, आणि लेप्टो-मलेरियाच्या हंगामात ते आवश्यकही असते. परंतु पोषण हा शब्द समितीच्या नावातच असताना त्या पैशांतून चार-पाच चांगल्या टेप घेणे, आशाताईंना मोजणीसाठी अंगणवाडीत आडोसा करून देणे, घेर वाढलेल्यांना तीन महिन्यांनी पुन्हा बोलावणे आणि शाळेच्या मैदानावर संध्याकाळी दोन दिवे लावून बायकांसाठी तास राखून ठेवणे अशक्य नाही. पावसाळ्यात देवळाचा सभामंडप आहे. भजनाखेरीज तो रिकामाच असतो. येत्या ग्रामसभेसाठी हा विषय मी लेखी दिला आहे. ग्रामसेवकांनी अर्ज घेतला आणि विषयपत्रिकेत तो ‘इतर विषय’ या सदराखाली टाकला. त्या सदरापर्यंत सभा पोचते तेव्हा निम्मे लोक उठून गेलेले असतात, म्हणून तो वर घ्यावा असा दुसरा अर्जही आता दिला आहे.